पटावर नाव, सतरंजीवर जागा नाही

वजनाच्या दिवशी अंगणवाडीत एरवी न दिसणारं एखादं मूल आईच्या कडेवर बसून येतं. चार वर्षांचं असतं, पण मान सावरत नाही, किंवा अजून एक शब्दही बोलत नाही. काट्यावर बसवून वजन होतं, दंडाला पट्टी लागते, आकडे पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये भरले जातात आणि मूल आल्या पावली घरी जातं. पुढचा महिनाभर खिचडीचा डबा भावंडाच्या हातून त्याच्या घरी पोचतो. कागदावर सगळं ठीक असतं. पटावर नाव आहे, आहार मिळतोय, वजनाची नोंद आहे. फक्त बाकीची पोरं ज्या सतरंजीवर बडबडगीतं म्हणतात, तिथे ते कधी बसलेलं नसतं.

आपली व्यवस्था या मुलांना मोजते, बसवून घेत नाही. बसवून घ्यायचं तर आधी निदान हवं, मग प्रमाणपत्र हवं, मग सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत, अशी एकापाठोपाठ एक वाट बघणं चालू राहतं. हा क्रमच उलटा आहे. रोजची मदत पहिल्या दिवशी सुरू व्हावी, निदान आपल्या गतीने होत राहील. मात्र हे काम एकट्या सेविकेच्या गळ्यात आणखी एक रजिस्टर अडकवून होणार नाही, हेही तितकंच स्पष्ट म्हणायला हवं.

अशी मुलं असतात तरी किती? 2011 च्या जनगणनेत देशभरात सहा वर्षांपर्यंतची साधारण 20 लाख दिव्यांग मुलं नोंदली गेली, म्हणजे त्या वयाच्या मुलांत सव्वा टक्का. या वयात घरचेच कबूल करत नाहीत, त्यामुळे हा आकडा तोकडा असणारच. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच ठिकाणची मुलं प्रत्यक्ष तपासली होती. त्यातलं एक ठिकाण उत्तर गोवा. दोन ते सहा वर्षांच्या मुलांत दृष्टी, श्रवण, वाचा, फिट्स, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं), स्वमग्नता, बौद्धिक विकास यांपैकी निदान एक अडचण असलेल्यांचं प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपास निघालं. ठिकाणानुसार ते तीन टक्क्यांपासून जवळजवळ एकोणीस टक्क्यांपर्यंत बदलत होतं. खालचा आकडा धरला तरी तीस मुलांच्या अंगणवाडीत एक मूल येतं. ‘आमच्याकडे असं कुणी नाही’ असं जिथे सांगितलं जातं, तिथे बहुतेक वेळा ते मूल घरी असतं.

कायद्यानेही या वयाला दारातच उभं केलंय. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वर्षांचा. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. त्याच्या 31 व्या कलमातला मोफत शिक्षणाचा हक्क 6 ते 18 वर्षांच्या मुलांना, तोही किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना. ज्या वर्षांत मदतीचा उपयोग सर्वांत जास्त, ती वर्षं दोन्ही कायद्यांच्या अलीकडे राहिली. महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलांसाठी प्रोटोकॉल काढला: लक्षणं लवकर ओळखा, मुलाला सामावून घ्या, पुढच्या तपासणीला पाठवा. दिशा बरोबर आहे. पण ‘सामावून घ्या’ या दोन शब्दांत काय काय येतं, ते खिचडीच्या वेळी कळतं.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला भरवताना सर्वसाधारणपणे काय होतं ते पाहू. मुलाला मांडीवर आडवं घेतात. मान मागे पडते, तोंड आपोआप उघडतं, मग वरून पातळ खिचडी किंवा वरण-पाणी ओततात. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट मोकळी होते आणि पातळ पदार्थ तिकडे घसरतो. मूल खोकतं, डोळ्यांत पाणी येतं, घास बाहेर येतो. ‘खातच नाही’ म्हणून वाटी बाजूला जाते. पुढे वारंवार छाती भरते, वजन घसरतं, दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली जातो आणि मूल तीव्र कुपोषितांच्या यादीत येतं. मग ग्राम बालविकास केंद्र, जादा आहार, सेविकेला वरून विचारणा. वजन थोडं चढतं, पुन्हा पडतं. कारण अन्न कमी पडत नव्हतं. ते मुलाच्या पोटापर्यंत पोचत नव्हतं. किती ग्रॅम दिलं याची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेत कसं भरवलं याला रकानाच नाही.

दुरुस्ती अवघड नाही, पण ती नेमकी करावी लागते. खोलीच्या कोपऱ्यात, जिथे दोन भिंती मिळतात तिथे, मुलाला बसवायचं. दोन्ही बाजूंना घडी घातलेली गोधडी. त्याहून चांगलं म्हणजे बुटकी खुर्ची: कंबर आणि गुडघे काटकोनात, पावलं जमिनीवर किंवा पाटावर पूर्ण टेकलेली. पाय लोंबकळत असतील तर सगळं अंग ताठरतं आणि जबडाही आवळला जातो. हनुवटी किंचित छातीकडे. भरवणाऱ्याने समोर, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. उभं राहून भरवलं की मूल वर बघतं आणि मान पुन्हा मागे जाते. खिचडी एवढी दाट की चमचा तिरका केल्यावर लगेच ओघळू नये. उथळ चमचा, अर्धाच भरलेला. पुढचा घास आधीचा गिळल्याचं गळ्याकडे बघून कळल्यावरच. पाणी सगळ्यात अवघड, कारण ते सगळ्यात वेगाने धावतं. रुंद तोंडाच्या छोट्या भांड्यातून घोटघोट द्यायचं, कधीही ओतायचं नाही. जेवण अर्ध्या तासात संपवायचं, कारण पुढे मूल दमतं आणि ठसका लागतो. जेवल्यावर आणखी अर्धा तास आडवं करायचं नाही. शेंगदाणे, फुटाणे, चुरमुरे या मुलाच्या वाट्याला नकोत. आणि खाल्ल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल किंवा महिन्या-दोन महिन्यांनी छातीचं दुखणं येत असेल, तर हे सगळं करूनही डॉक्टरला दाखवायलाच हवं.

यातलं काहीच महाग नाही. लागतो तो अर्धा तास. आणि त्याच अर्ध्या तासात मदतनीसताईला तीस मुलांना वाढायचं, हात धुवायचे, ताटल्या घासायच्या, कुणाची चड्डी बदलायची असते. म्हणून ‘डबा घरी न्या’ हे उत्तर निष्ठुरपणातून येत नाही. दोनच बाया आणि चारच हात, हा साधा हिशोब त्यामागे असतो.

ऐकण्याच्या बाबतीत चूक वेगळ्या जागी होते. मूल बोलत नाही म्हटल्यावर घरातले मागून थाळी वाजवतात. मूल वळून बघतं आणि सगळे निर्धास्त होतात. थाळीचा दणका इतका मोठा असतो की बऱ्यापैकी कमी ऐकू येणारं मूलही दचकतं. टाळी वाजवली तर हाताची सावली दिसते, दार आपटलं तर जमीन हादरते. भाषा शिकायला लागतात ते स, श, फ, त असे बारीक आवाज. ते ऐकू येत नसतील तर ‘ताट’ आणि ‘पाट’ त्याला सारखेच. अंगणवाडीत करता येण्यासारखी साधी पारख अशी: मूल खेळण्यात रमलेलं असताना पाठीमागे दोन-तीन हातांवरून, सावली पडू न देता, नेहमीच्या आवाजात त्याचं नाव घ्यायचं; थोड्या वेळाने हळू आवाजात ‘खाऊ’. वेगवेगळ्या दिवशी तीनदा. वळलं नाही तर पुढे पाठवायचं. वळलं, पण बोलणं वयाला धरून नसेल, तरी पाठवायचं, कारण ही फक्त चाळणी आहे. खरी तपासणी ओएई आणि बेरा या यंत्रावरच्या श्रवणचाचण्यांनीच होते. कान वाहत असेल तर ते ‘पावसाळ्यात होतंच’ म्हणून सोडायचं नाही. महिनोन्‌महिने वाहणाऱ्या कानाने ऐकणं कमी होतं आणि त्याबरोबर शब्दही.

इथे उशिराची किंमत सरळ मोजता येते. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत जन्मतः न ऐकणाऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) मिळू शकतं, पण त्याची वयोमर्यादा पाच वर्षं आहे. ‘त्याचे वडीलही उशिरा बोलले’, ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘वेखंड उगाळून मधात चाटवा’, ‘जिभेखालचा पडदा कापून घ्या’ या चार सल्ल्यांत दोन वर्षं सहज जातात. (जीभ चिकटलेली असली तर उच्चारात थोडा फरक पडेल, त्यामुळे मूल मुकं राहत नाही. आणि एक वर्षाच्या आत मध द्यायचाच नाही.) सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडले नाहीत, दीड वर्षाचं होऊनही बोटाने काही दाखवत नाही, आलेला शब्द किंवा हावभाव गेला, यातलं एकही दिसलं तर ‘थांबा’ हा सल्ला द्यायचा अधिकार कुणालाच नाही, घरच्या डॉक्टरलाही नाही.

तपासणीची सोय नाही असं मात्र म्हणता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा प्रत्येक अंगणवाडीत यायचं, मुलं तपासायची आणि गरज असेल त्यांना जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं, अशी त्याची घडण आहे. गोची अशी की पथक अंगणवाडीत येतं आणि जे मूल त्याने बघायला हवं, ते अंगणवाडीत येत नसतं. रोजच्या हजेरीत नसलेलं मूल तपासणीच्या दिवशीही घरीच राहतं. म्हणून पथकाच्या भेटीआधी आशाताई आणि सेविकेने गैरहजर मुलांचीच यादी करावी आणि पथकाने निघण्यापूर्वी त्या दोन-चार घरी जावं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण पथकाचं उद्दिष्ट तपासलेल्या मुलांच्या संख्येत मोजलं जात असेल, तर हा अर्धा दिवस कुणी खर्च करणार नाही.

चिठ्ठी मिळाली तरी पुढचा रस्ता लांब. मेळघाटातल्या धारणीहून अमरावतीचं जिल्हा रुग्णालय जवळजवळ दीडशे किलोमीटर. आठवड्यातून एकदा थेरपीला या म्हणणं म्हणजे आठवड्यातून एक मजुरी सोडा, घरच्या दुसऱ्या पोराला शेजारी ठेवा आणि एसटी चुकली तर मुक्काम करा. दोन फेऱ्यांनंतर आई येणं थांबवते आणि केसपेपरवर ‘पालक अनियमित’ असा शेरा पडतो. शीघ्र हस्तक्षेप केंद्राने दर आठवड्याला बोलावण्याऐवजी दीड-दोन महिन्यांतून एकदा नीट तासभर बघून, घरी आणि अंगणवाडीत करायच्या तीनच गोष्टी शिकवून पाठवावं. त्या तीन गोष्टी मराठीत, किंवा घरी कोरकू असेल तर चित्रांत, एका कागदावर असाव्यात आणि त्याची एक प्रत सेविकेकडे यावी. आज सेविका मूल पाठवते, पण त्याचं पुढे काय झालं हे तिला आईकडूनच ऐकावं लागतं.

निदानाची वाट बघायची नाही याला आणखी एक कारण आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे असं पक्कं लिहून देणं बरोबरच नसतं. डॉक्टर ‘सर्वांगीण विकासविलंब’ म्हणतात आणि पुन्हा बघू सांगतात. तेव्हा जी मदत निदानावर अवलंबून ठेवली, ती मदत या वयात मिळणारच नाही. उलट मदत अडचणीवर बेतली तर शिक्काही बसत नाही. ‘हा मतिमंद आहे’ याने सेविकेला काहीच कळत नाही. ‘याला एका वेळी एकच सूचना समजते, आणि विचारल्यावर उत्तराला दहा सेकंद लागतात’ हे कळलं की ती ‘उठ, हात धू, ताट घेऊन बस’ न म्हणता ‘हात धू’ म्हणून मनात दहापर्यंत मोजते. आपण बहुतेक जण दुसऱ्या सेकंदाला तेच वाक्य मोठ्याने म्हणतो. मग मुलाचे ते दहा सेकंद पुन्हा शून्यापासून सुरू होतात.

प्रार्थना सुरू झाली की कानावर हात ठेवून दाराकडे पळणाऱ्या मुलाचंही तसंच. पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबच्या एका खोलीत तीस मुलं एका सुरात ओरडतात, तो आवाज त्याला बोचतो. त्याला ओढून मधोमध बसवलं तर तो चावतो, आणि मग पालकांची तक्रार येते. भिंतीला पाठ लावून, दाराजवळ जागा द्यावी, गाण्याच्या वेळी ओसरीवर बसू द्यावं, तिथून दोन-तीन महिन्यांत तो हळूहळू आत सरकतो. दिवसाचे चार फोटो एका पुठ्ठ्याच्या पट्टीवर: गाणी, खेळ, खिचडी, घर. कपड्याचा चिमटा पुढच्या फोटोवर सरकवायचा. आता काय आणि मग काय, हे दिसलं की अर्धी आदळआपट कमी होते. फोटो त्याच अंगणवाडीतले हवेत. छापील तक्त्यातलं परदेशी घर आणि डायनिंग टेबल त्याच्या काही उपयोगाचं नाही.

फिट्सबद्दल एक परिच्छेद तरी हवाच, कारण तिथे चूक जिवावर बेतू शकते. मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, गळ्याजवळचं बटण सैल करायचं आणि घड्याळ बघायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा आणि चप्पल हुंगवून फिट थांबत नाही. ती आपली आपण थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108.

हे सगळं वाचून कुठलीही सेविका विचारेल, करायचं कधी? तिचा प्रश्न रास्त आहे. पोषण ट्रॅकर, चेहरा ओळखून आहारवाटप, लसीकरण, गृहभेटी, सर्वेक्षणं, वर तुटपुंजं मानधन. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात दिव्यांगत्वाला मिळतील तेवढ्या तासांत लक्षणं सांगता येतात, भरवायला शिकवता येत नाही. ते प्रत्यक्ष त्या मुलासमोर, तिच्या हातावर हात ठेवून शिकवावं लागतं. म्हणून मागणी अशी असावी: दर बीटला एक फिरती विशेष कार्यकर्ती. पर्यवेक्षिकेच्या बीटमध्ये साधारण वीस-पंचवीस अंगणवाड्या असतात. वीस धरल्या तर पंधरवड्याला प्रत्येकी एक भेट म्हणजे महिन्याला चाळीस भेटी. सकाळी एक, दुपारी एक अशा केल्या तर वीस दिवस. उरलेले चार दिवस जिल्हा केंद्रात मुलांबरोबर जायला आणि घरभेटींना. पगार, प्रवासभत्ता आणि एका पिशवीत मावेल एवढं साहित्य, एवढाच खर्च. अशी माणसं तयार होऊ शकतात. भारतीय पुनर्वास परिषदेचा 2021 साली सुरू झालेला सहा महिन्यांचा ‘दिव्यांग मित्र’ अभ्यासक्रम याच धाटणीचा आहे. शाळांसाठीचे विशेष शिक्षक गटसाधन केंद्रात असतात. त्यांचं वेळापत्रक पहिलीपासून सुरू होतं, ते तीन वर्षं अलीकडे आणणं हा दुसरा मार्ग.

विशेष शाळा बरी नाही का, असंही विचारलं जातं. मोठ्या शहरात, काही मुलांसाठी, नक्की बरी. पण तीन वर्षांच्या मुलासाठी वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेली एकमेव जागा अंगणवाडीच आहे. या शब्दाचा उगमही इथलाच. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या परिसरात पाहिलं की पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज अंगणवाडीला पक्की इमारत मिळाली आणि तिला दोन पायऱ्याही आल्या. त्या तीस सेंटिमीटर उंचीला एकास बारा या प्रमाणात बारा फूट लांबीचा उतार लागतो; प्रत्यक्षात जागा असेल तेवढ्यात चार फुटांची घसरगुंडी बांधून ‘रॅम्प आहे’ अशी नोंद होते. संडासात धरायला एक आडवा पाइप नसतो. ‘आमची मुलं त्याचं बघून तसंच करतील’ ही पालकांची धास्ती मात्र मनावर घेण्यासारखी नाही. पोरं त्या मुलाची नक्कल दोन दिवस करतात, त्याच्याशी ताई ज्या स्वरात बोलतात त्याची नक्कल वर्षभर.

आणि जूनमध्ये मूल पहिलीत गेलं की हे सगळं पुसलं जातं. जिल्हा परिषदेची शाळा अनेक गावांत त्याच आवारात, वीस पावलांवर असते. तरी पहिलीच्या गुरुजींना मूल नव्याने समजून घ्यायला दिवाळी उजाडते. एप्रिलमध्ये सेविका, आई आणि गुरुजी यांनी एकत्र बसून एक पानभर लिहिलं तर वाया जाणारे हे चार-पाच महिने वाचतील. त्यात आजाराचं नाव नसलं तरी चालेल. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून फळ्याकडे तोंड करून बसल्यावर उजवा कान तुमच्याकडे राहील अशी जागा द्या. पाणी हवं असेल तर पेला उचलून दाखवतो. घंटा वाजण्याआधी त्याला सांगा. खडू हातातून निसटतो. जाड खडू द्या, किंवा नेहमीच्या खडूला चिंधी गुंडाळा. खिचडी दाट हवी.